लंगड्या मेंढीची गोष्ट कोण सांगणार

छत्रपती संभाजीनगर,
२ डिसेंबर २०२४

ती. रत्नमाला आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

आजीला जाऊन वर्ष होत आलं. वर्षश्राद्ध करमाडलाच, आपल्या शेतावर करायचं ठरलंय. बाबा कीर्तनकार शोधताहेत. मी म्हटलं, बानाबाई आजीच्या नावानं माणसं जमणार आणि गोष्ट होणार नाही, हे बरं दिसेल का? बाबा म्हणाले, सांगणारीच गेली, आता कोण सांगणार? मी तुझं नाव घेतलं. तर म्हणाले, माझ्या बहिणीला चारचौघांत उभं करून तिचं हसं करायचंय का तुला?

आत्या, रागावू नकोस. तुझी जीभ अडखळते, म्हणून तर आपण फोन सोडून पत्रं लिहितो. पण लंगड्या मेंढीची अख्खी गोष्ट आता तुलाच येते. मला नुसते तुकडे आठवतात, आणि आजीच्या हिरव्या लुगड्याला येणारा लोकरीचा वास. विचार कर.

घरी बद्रीनाथमामांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, पत्राला मात्र उशीर लावू नकोस.

तुझी,
तनुजा


पैठण,
९ डिसेंबर २०२४

चि. तनुजास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

रागावले नाय. पण हे काम माझं नव्हं.

शाळेत बाईंनी नाव विचारलं की माझा ‘र’ काही केल्या सुटायचा नाय अन् सारा वर्ग हसायचा. एक दिवस मी जायचंच नाय म्हणून बसले. आईनं मारलं नाय, मेंढरांमागं घेऊन गेली. म्हणाली, यांना सांग गोष्ट, यांना कसली घाई नसती. मी अडले की ती मुकाट थांबायची. मला शब्द काढून दिला नाय कधी.

अन् ती सांगायला लागली म्हणजे! बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. गोष्ट ऐकत बाया हातोडे चालवायच्या. मुकादमानं एकदा दरडावून तिला गप केलं, तर सगळ्यांचे हातोडे थंडावले. मग तोच येऊन म्हणाला, बाई, तुमची गोष्ट चालू द्या, नायतर माझा रस्ता व्हायचा नाय.

असल्या बाईच्या जागी मी उभी राहू? शेवटी लकवा मारून तिची वाचा गेली, तवा दवाखान्यात मी रोज तिच्या उशाशी बसून हीच गोष्ट सांगायची. लई अडायची. पण ऐकणारी आई होती. लोकांपुढं नाय जमायचं. कीर्तनच ठेवा.

तुझ्या जिवाला जप. दोन जिवांची आहेस, धावपळ करू नको. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर,
१६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, आम्हाला वाटायचं रत्नी नुसती बसून असते. मग फोन उचलून त्यांनी कीर्तनकाराला नको म्हणून कळवलं. तू नाही म्हणालीस तर आजीला हात जोडून, जेवून उठू, पण तुझी जागा दुसऱ्याला देणार नाही, असं म्हणताहेत.

माझाच योग नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. जे होईल ते तूच मला लिही.

तुझी,
तनुजा


पैठण,
५ जानेवारी २०२५

चि. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

उभी राहिले बाई. पहिल्या शब्दालाच जीभ टाळ्याला चिकटली. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. तुझ्या बाबानं, मल्हारदादानं, मान खाली घातली. मला वाटलं, बसावं खाली. पण माझ्यासमोर भागूबाई होत्या, आईसंगं खडी फोडायच्या त्या. पार वाकल्यात आता. त्यांनी पदर सावरला अन् मांडी घालून अशा बसल्या, जसं त्यांना सांजपर्यंत दुसरं कामच नाय. मग सुटला शब्द. सुटला, अडला, परत सुटला. वाढपी ताटकळले, भात गार झाला, पण कुणी उठलं नाय.

आईच्या गोष्टीत कळप पुढं जातो, लंगडी मेंढी गोदावरीच्या अलीकडं राहती, अन् धनगर मागं येऊन तिला खांद्यावर पल्याड नेतो. तिथवर आले अन् अशी अडले की काही केल्या धनगराचा ‘ध’ निघंना. तेवढ्यात माझ्या मनात आलं, मेंढी काठावर किती येळ उभी राहणार? माझ्या तोंडून निघालं, मेंढी स्वतःच पाण्यात उतरली. थांबत थांबत गेली, पण पल्याड गेली.

गोष्ट संपली. मग भागूबाई म्हणाल्या, बाना अशी सांगत नव्हती. मी म्हटलं, व्हय मावशी, मी अशी सांगते. एका दमात म्हटलं बघ. त्या तोंडभर हसल्या अन् म्हणाल्या, मंग आमच्या वस्तीवर कवा येतीस?

येत्या सोमवारी जाते.

तुझी,
रत्नमाला आत्या