स्कूटरची ठिणगी जाते कुठं

प्रिय खारुताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून आजीला पत्राचं खूळ कुठून लागलं, असं तुला वाटेल. तर माझे कान झालेत जड. फोन मोठ्या आवाजात लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि मोठ्या आवाजात लावला की तो तुझ्या आजोबांनाही ऐकू जातो. ही गोष्ट त्यांच्या कानावर जाता कामा नये. अक्षराला हसू नकोस. शाळेत मी बाकावर कमी आणि वर्गाबाहेर जास्त होते.

तू नोकरीला गेलीस तेव्हा आजोबा कसे झाले होते ते तू बघितलंसच. हात थरथरायला लागला, गॅरेजला कुलूप लागलं, आणि हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. चहा घेणार का, तर हं. नको का, तरी हं. अगं, जन्मभर मी ह्यांचं ओरडणं ऐकलं. गॅरेज आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, तीही पातळ. तिकडे ते कामावरच्या माणसांवर ओरडायचे आणि इकडे मी भाजी चिरता चिरता शिकायचे. तेलकट हात पॉइंटला लावू नका. प्लग ओला असेल तर आधी पुसा. ठिणगी निळी हवी, पिवळी ठिणगी म्हणजे आजारी ठिणगी. माझं सगळं शिक्षण त्या शिव्यांवर झालंय म्हण ना. ते ओरडणं बंद झालं आणि घर मला खायला उठलं. डॉक्टर म्हणाले, त्यांचं मन कशात तरी रमवा, नाहीतर हे असेच मिटत जातील. तुझ्या बापानं भिंतीएवढा टीव्ही आणला. आजोबा टीव्हीकडे पाठ करून बसले.

मग तुझ्या बापाची नजर गेली जिन्याखालच्या स्कूटरवर. तीच, जुनी टू-स्ट्रोक, जिच्या डिकीत तू लहानपणी नटबोल्ट लपवून ठेवायचीस. म्हणाला, आई, हे धूड नुसती जागा अडवतंय, रविवारी भंगारवाल्याला घेऊन येतो. माझ्यासमोर चालू झाली तर राहू दे, नाहीतर जाऊ दे. मला वाटलं, आता तरी हे चिडतील. हे म्हणाले, हं. मग मीच चिडले. तरातरा गेले जिन्याखाली आणि मारली किक. माझी उंची तुला ठाऊक आहे. किक जागेवर राहिली आणि मीच वर उडाले. म्हटलं प्लग बघावा, म्हणून स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन तो पिळायला लागले. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, अगं, सांडशीनं काय काढतेस, पाना घे, आटे खाशील त्याचे. खारुताई, कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी मुद्दाम सांडशी सोडली नाही. शेवटी त्यांना राहवलं नाही आणि ते उठून आले.

पुढं काय मजा झाली म्हणून सांगू. हात त्यांचे थरथरतात, म्हणून हात माझे आणि तोंड त्यांचं. प्लग काळाकुट्ट आणि ओला. तो घासला, पुसला, वायरीच्या टोपीत घातला. म्हणाले, इंजिनाला टेकवून धर, ठिणगी बघू. कुठं धरायचं ते नीट ऐकलं नाही मी. ह्यांनी किक मारली आणि मला कोपरापर्यंत असा झटका बसला की हातातलं फडकं थेट दारात जाऊन पडलं. हे हसले. जिन्याला धरून हसले. मग म्हणाले, ठिणगी आहे, पण आता बाजूला धर, रंग बघू दे. रंग निघाला पिवळा. मग इंजिनाच्या बाजूला जे फिरतं चाक असतं त्याच्यावरचं झाकण काढलं, त्या चाकाला खिडकीसारखं भोक असतं, त्यातून आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करत ठिणगी पाडणारी दोन टोकं, बघितले तर ते जळून काळे. हे म्हणाले, कंडेन्सर गेला. शिवताना बोटात घालतो त्या टोपणाएवढी ती एक डबी असते बघ, ती गेली की पॉइंट जळतात आणि ठिणगीला जोर राहत नाही. नवा आणला, बसवला, आणि गाडी चालू झाली. जिनाभर धूर. वरच्या बाईंचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला गेले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे परत खुर्चीत. चहा घेणार का, तर हं. गाडी दुरुस्त झाली आणि माणूस बंद पडला. मग मी काय करणार, सांग. हे आंघोळीला गेले तेव्हा मी प्लग काढला आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं वरपासून खालपर्यंत रेघा ओढल्या. प्लगवर पेन्सिलीनं खूण केली म्हणून हे कामावरच्या माणसाला केवढे बोलले होते ते मला आठवत होतं, की शिशावरून वीज परस्पर खाली पळते आणि ठिणगी पडायची तिथं पडत नाही. हे बाहेर आल्यावर म्हटलं, गाडी परत बंद पडली बघा. जेवणाची वेळ टळली तरी हे जिन्याखालीच. वायरीला शिव्या, कंडेन्सर बनवणाऱ्याला शिव्या, पाना जागेवर ठेवत नाही म्हणून मला शिव्या. मी आत भांडी घासता घासता गुणगुणत होते. शेवटी पेट्रोलच्या फडक्यानं प्लग पुसला तेव्हा गाडी चालू झाली. ह्यांनी प्लगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला गेले. म्हटलं, नजर कमी झालीये, दिसलं नसेल.

मग मला चटकच लागली. पुढच्या खेपेला पॉइंटच्या फटीत कागदाची चिंधी सरकवली, की पॉइंट एकमेकांना टेकायलाच नकोत. पण दिवस इतके बरे चालले होते की मी वारच विसरले. चिंधी सरकवून हात धुते न धुते तोच दारात तुझा बाप आणि त्याच्या मागं दोरखंड घेतलेला भंगारवाला. हे मोठ्या ऐटीत उठले आणि किक मारली. काही नाही. परत मारली. काही नाही. ह्यांचा चेहरा खाडकन उतरला. भंगारवाल्यानं हँडलला हात घातला. मी म्हटलं, थांबा, जाताना निदान पुसून तरी देते. तुझा बाप म्हणतो, आई, पुसून का गाडी चालू होते. मी खाली वाकले, झाकण आम्ही परत लावलंच नव्हतं, चाक हातानं फिरवून खिडकी समोर आणली, केसातला आकडा आत घातला आणि चिंधी बाहेर ओढली. पण ठेवू कुठं. सगळे माझ्याकडेच बघतायत. घातली तोंडात आणि चावून गिळली. पेट्रोलची चव अजून जात नाही. म्हटलं, आता मारा. गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि धुरात भंगारवाला दिसेनासा झाला. तुझ्या बापाला चालवायला बसवून हे मागं बसले आणि गल्लीच्या टोकापर्यंत गिअर कसा टाकतोस म्हणून त्याच्या कानाशी ओरडत गेले.

आता कामाचं. त्या संध्याकाळी मी शेंगा सोलत होते, तर हे येऊन शेजारी बसले. चार शेंगा सोलल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, पेन्सिल सोपी होती, कागद तर त्याहून सोपा, पुढचा बिघाड जरा डोकं लावून कर. आणि उठून गेले. तर पोरी, भिंतीपलीकडून मी जेवढे बिघाड ऐकले ते सगळे ह्यांना पाठ आहेत. तू रोज इंजिनं उघडतेस. ह्यांनी कधी बघितला नसेल असा एखादा लिहून पाठव. इंजिनाला इजा नको, बुटक्या बाईला जमायला हवा, आणि ह्यांची आंघोळ होईस्तोवर उरकायला हवा. उशीर करू नकोस. सध्या मी वायरीची टोपी नुसती ढिली करून वेळ मारून नेतेय, आणि हे मला कामचुकार म्हणायला लागलेत.

तुझीच, नखं काळी झालेली
आजी