आरशापाशी ठेवलेली निळी बाटली

बाबा,

तुमचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. माझ्या बसची वेळ झालीय. हॉस्टेलवर पोचले की फोन करते. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

सेंटची निळी बाटली कपाटातून काढून आरशापाशी ठेवलीय. मला सेलमध्ये स्वस्तात मिळाली असली तरी चांगल्या कंपनीची आहे. लग्नकार्यासाठी राखून ठेवू नका. असला लिंबासारखा हलका वास उन्हाळ्यातच बरा वाटतो. आंघोळ झाली की मानेवर दोनदा मारायचा. मागच्या वेळेसारखा ग्रीसच्या शर्टावर नाही! सगळं गॅरेज शिंकत होतं म्हणे.

आणि "अंगाला डिझेलचा वास येतो" म्हणून हॉस्टेलच्या फाटकाबाहेर थांबणं आता बंद. पुढच्या वेळी माझ्या खोलीपर्यंत यायचं, मैत्रिणींना भेटायचं.

तुमची आठवण म्हणून तो सेंट मी हॉस्टेलवर न्यायच्या माझ्या उशीच्या अभ्र्यावर मारून पाहिला. वास छान आहे हो, पण तुमचा नाही वाटला.

तेव्हा धुवायला टाकलेला गॅरेजचा शर्ट शोधत बसू नका. तो मी नेतेय, न धुताच.

तुमची लेक,
ठमाकाकू