सागाच्या रंगात बुडालेलं वावर

बाबा, दोन दिवसांपासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. दुसऱ्या कुणाला सांगता येईना, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर मी यवतमाळच्या एका ऑफिसात उपग्रहाच्या चित्रांचं काम धरलं. एक चित्र काळं-पांढरं असतं, पण त्यात धुरे, म्हणजे शेतांचे बांधसुद्धा दिसतात. दुसरं रंगीत, पण ढोबळ. दोन्ही मिसळून एक रंगीत आणि स्पष्ट चित्र करायचं. महागावकडच्या एका कोलाम पोडाची, म्हणजे आदिवासी वस्तीची, जुनी चित्रं मी अशी जोडली. त्या जुन्या काळी शेती कुठं होती आणि जंगल कुठं, यावर तिथल्या जमिनीचे दावे ठरणार होते. एका लहानशा तुकड्यावर मी 'जंगल' लिहिलं.

सोमवारी त्या पोडावरची एक म्हातारी नकाशा घेऊन आली. त्याच तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे माह्यं वावर आहे, बाई. सासऱ्याच्या वेळपासून ज्वारी पेरून राह्यलो. तुले झाडं कुठं दिसली?"

"आजी, कम्प्युटरनं दाखवलं तसं लिहिलं."

"मंग त्याले म्हणा, एकदा येऊन पाह्य."

ती गेल्यावर मी दोन्ही चित्रं वेगळी केली. वावर इतकं लहान, की ढोबळ चित्रात भोवतीच्या सागाचा रंग त्यावर पसरला होता.

मला तुमची आर्णीकडची ती जमिनीची मोजणी आठवली. मी आठवीत, मोजायच्या साखळीचं टोक माझ्या हातात. काटेरी नाला चुकवायला मी कागदावर धुरा अंदाजानं ओढला. तुम्ही तो खोडलात. "पाह्यलं नाही ते काढाचं नाही. कोणाचं तरी पोट असते त्यात." मग मला नाल्यातून चालवलंत, आणि घरी येऊन आईच्या पिनेनं माझ्या पायातले काटे काढत बसलात.

मंगळवारी मी एसटीनं पोडावर गेले. ज्वारीच्या धसकटांत उभी राहिले, फोटो घेतले, परत येऊन दुरुस्ती लिहिली. साहेब म्हणाले, "दाव्यांची यादी वर गेली आहे. पाठवतो, पण मानतील की नाही सांगता येत नाही." तेव्हापासून बाकीचे तुकडे पुन्हा तपासते आहे. असेच चुकलेले आणखी दोन सापडलेत.

आणि एक, जे साहेबांनाही सांगितलं नाही, आजीलाही नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रात त्या वावराची सरळ कड मला पहिल्याच दिवशी दिसली होती. मिसळलेलं चित्र इतकं देखणं उतरलं होतं, की मी त्यावर शंका घेतली नाही. तुम्ही असता, तर तुम्हालाही हे सांगितलं नसतं.