चौदा तारखेचं स्वागत

तीर्थस्वरूप ताईंस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात फक्त वाकलो आहे, उरलेला भाग समजून घ्यावा.) साडूसाहेबांचा खोकला उतरला का? मागच्या फोनवर तुमच्यापेक्षा तोच जास्त ऐकू येत होता. इथे डॉक्टर खोकल्याला औषध देत नाहीत, विश्रांती घ्या म्हणतात आणि दार उघडून धरतात, तेव्हा त्यांनी आहे तिथेच आजारी पडण्यात शहाणपण आहे. मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे त्याला जागा मिळेलसं वाटत नाही.

पत्र लिहायला कारण असं काही नाही. फोन केला की तुमची बहीण झोपलेली असते. सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली, आणि संध्याकाळी सातला तुम्ही म्हणालात की नुकताच डोळा लागलाय, तेव्हा मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता. (झोपेत भांडी घासत असेल तर कुणाला तरी दाखवा.) पाच महिने झाले, ती माझ्याशी बोललेली नाही. मी विमानतळाकडे निघालो आणि ती बॅग उचलून तुमच्याकडे आली, त्यानंतर तिची खबर मला तुमच्याकडूनच मिळते, तीसुद्धा झोपेचीच. तिने इकडे यावं असा माझा मुळीच आग्रह नाही. मला कुणाचीही गरज भासत नाही हे तिला सांगितलंत तरी चालेल, न सांगितलंत तर जास्त बरं.

माझी खोली कपडे धुण्याच्या दुकानावर आहे. खालची यंत्रं सुरू झाली की फरशी गरम होते आणि टेबलावरचा कप आपणहून कडेकडे सरकायला लागतो. दोन कप असे गेल्यावर आता मी चहा हातात धरूनच पितो. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी कप जागेवर राहतो आणि मी गारठतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, भिंतीवर एक पाइप आहे, आणि त्या पाइपाचा रंग कोणत्या वेळी कसा दिसतो हे आता मला पाठ झालं आहे. सूर्य साडेतीनलाच शाळा सुटल्यासारखा पळतो. दार मात्र अतिशय हुशार आहे. ते आपलं आपण लागतं आणि लागलं की कुलूपबंद होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात केराची पिशवी जिन्यात ठेवायला एक पाऊल बाहेर टाकलं आणि मागे खट्ट झालं. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात केर. किल्लीवाला येईपर्यंत दोन तास लागणार होते. खालच्या दुकानदारीण बाईंना दया आली आणि त्यांनी कुणा गिऱ्हाइकाचा धुऊन ठेवलेला ओव्हरकोट माझ्या अंगावर घातला. तासाभराने ते गिऱ्हाईक कोट न्यायला आलं. गृहस्थ सज्जन होते. मी कोट उतरवून दिला आणि त्यांनी तो माझ्यासमोरच पुन्हा धुवायला टाकला.

ताई, इथली भाषा मला येत नाही. मला इंग्रजी येतं, म्हणून तर बोलावलं, पण ते इथे फक्त माझ्या वर्गात चालतं. बाहेर कुणीही काहीही म्हणालं की मी हसून हो म्हणतो. (आपल्याकडे हसून हो म्हटल्यावर सहसा काही करावं लागत नाही.) इमारतीतल्या लोकांची बैठक झाली तेव्हा मी असा चारदा हो म्हणालो, सगळ्यांनी माझे हात हातात घेतले, मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला होता. दर मंगळवारी तीन मजल्यांचा जिना झाडून पुसून काढायचं काम मी आपखुशीने अंगावर घेतलं होतं. अठ्ठावीस वर्षं ज्याने वर्गात खडूसुद्धा मुलांकडून मागवून घेतला, त्या माणसाने पहिल्या मंगळवारी आधी बादलीभर पाणी ओतलं आणि मग ओल्या जिन्यावर खालून वर झाडायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. त्या बराच वेळ कठड्याला टेकून बघत राहिल्या, मग त्यांनी झाडू माझ्या हातातून काढून घेतला आणि वरच्या पायरीपासून एकेक पायरी झाडून दाखवली. मी शिकलो. पण तेव्हा मनात आलं की आपल्या घरात ही झाडायला आली की मी पेपर न हलवता फक्त पाय वर घ्यायचो, एवढाच माझा त्या कामाशी संबंध. ते आठवून मला अतिशय वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घ्यायला जिना ही चांगली जागा नाही, कारण येणारे-जाणारे थांबून चौकशी करतात आणि मग पुन्हा हो म्हणावं लागतं.

आता वर्गाविषयी. वाचनालयाच्या तळघरात रोज दुपारी दोन ते चार मोठ्या माणसांचा वर्ग असतो. बाहेर माझा फोटो लावून खाली 'परदेशी शिक्षक' लिहिलं आहे. (फोटो खिळ्यासाठी वरून कापल्यामुळे मला कपाळ नाही.) नऊजण येतात. त्यातले तिघे तुम्हाला सांगण्यासारखे. एक बेकरीवाल्या बाई, पहाटेपासून काम करून आलेल्या, हाताला पीठ. एक बसचालक, जो उत्तर येत नसलं की खिडकीबाहेर रहदारी बघतो, तळघराला खिडकी नसली तरी. आणि एक टपाल खात्यातले निवृत्त कारकून, ज्यांचं नाव मी मनातल्या मनात शंकासुर ठेवलं आहे. पहिले तीन आठवडे पाठ्यपुस्तकंच आली नाहीत. फळ्यावर वाक्यं तर लिहायला हवीत, आणि वाक्यात कुणीतरी माणूस हवं. मी हिला घेतलं. माझी पत्नी पाचला उठते. माझी पत्नी छत्री विसरते. माझ्या पत्नीला गोड आवडत नाही. परक्या गावात नऊ अनोळखी माणसं मोठ्याने, एका सुरात, तुमच्या बहिणीविषयी बोलू लागली आणि खरं सांगतो, मला त्या तळघरात पहिल्यांदाच ऊब वाटली. पुस्तकं आली तेव्हा ती कुणी उघडलीच नाहीत. पुस्तकातला माणूस सारखा हॉटेलात खोली मागत होता, त्याच्यात कुणाला रस नव्हता.

घोटाळा पुढे झाला. वाक्यं झाल्यावर प्रश्न शिकवायचे असतात, आणि प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायचे असतात. सगळे प्रश्न हिच्याविषयी आले. त्यांचा आवडता रंग कोणता? दुपारी तुम्ही शाळेत असता तेव्हा त्या काय करतात? त्यांची जवळची मैत्रीण कोण? लहानपणी त्यांना काय व्हायचं होतं? ताई, मला एकाचंही उत्तर आलं नाही. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो जे करतो ते मी केलं, ठोकून दिलं. रंग निळा सांगितला. दुपारी ती गाणं शिकते म्हणालो. कुत्र्यांना घाबरते असंही सांगितलं, आणि घरी जाताना आठवलं की कोपऱ्यावरच्या त्या लंगड्या कुत्रीला रोज पोळी घालणारी हीच. आता नऊ वह्यांमध्ये हिचं सविस्तर चरित्र आहे आणि त्यातलं अर्धं माझ्या मनचं आहे. शंकासुराने तर विचारलं की निळा म्हणजे कोणता निळा, आणि मी खिडकीतल्या त्या पाइपाचा संध्याकाळचा रंग सांगितला.

मग एक दिवस बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, त्या कधी येणार? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि पुढच्या महिन्याची चौदा तारीख सांगून टाकली. का सांगितली ते विचारू नका. वर्गात हलकल्लोळ झाला. बसचालकाने त्या दिवशीची पाळी बदलून घेतली, विमानतळावर तो स्वतःच्या गाडीने येणार. बेकरीवाल्या बाई तिला बाजार दाखवणार, माझ्याशिवाय, कारण पुरुष बरोबर असले की घाई करतात. शंकासुराने स्वागताचं दीड पानी भाषण लिहून माझ्याकडे तपासायला दिलं. न येणाऱ्या स्वतःच्या बायकोच्या स्वागताचं भाषण मी लाल शाईने तपासलं, ताई, आणि दहापैकी सात गुण दिले. भाषण चांगलं होतं. 'आम्ही आपल्याला ओळखतो' असं त्यात तीनदा होतं, म्हणून तीन गुण कापावे लागले.

गेल्या गुरुवारी माझ्याच्याने राहवलं नाही. हजेरी घेऊन झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की ती येणार नाही, ती माझ्यावर रागावली आहे, आणि गाण्याचं, रंगाचं, कुत्र्यांचं, सगळं मी बनवलेलं आहे. बसचालकसुद्धा माझ्याकडेच बघत होता. मग बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, का रागावली? मी सांगितलं की नोकरीची जाहिरात पाहिली, अर्ज केला, मुलाखत दिली, करारावर सही केली, आणि मग मिठाईचा पुडा घेऊन घरी गेलो आणि तिला बातमी दिली. त्या थांबून म्हणाल्या, "सहीच्या आधी तिला विचारलं नाहीत?" इंग्रजी मोडकं होतं, पण मी चूक दुरुस्त केली नाही. मी म्हणालो, तिला आनंद होईल असं वाटलं होतं. त्यावर शंकासुरालासुद्धा, पाच महिन्यांत पहिल्यांदाच, शंका नव्हती. तुमच्या बहिणीने त्या दिवशी पुडा उघडलाही नव्हता. मला वाटलं होतं की गोड आवडत नाही म्हणून.

तर असं सगळं उत्तम चाललं आहे. काळजी करू नये. मी जेवतो, वेळेवर झोपतो, मंगळवारी जिना झाडून काढतो. घर फार लांब वाटतं आणि ती नाही म्हणून इथलं काहीच खरं वाटत नाही, पण हवापाण्याचा परिणाम असेल. साडूसाहेबांना नमस्कार, भाच्यांना आशीर्वाद. उत्तराची अजिबात घाई नाही.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. घाई नाही हे शिष्टाचार म्हणून लिहिलं. पत्राला नऊ दिवस लागतात, चौदा तारीख बावीस दिवसांवर आहे. मिळाल्या दिवशीच उत्तर टाकावं.

ता. क. २. खरं काम राहूनच गेलं. वर्गाने ठरवलं आहे की बाई येवोत न येवोत, त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे विणायचे. आल्या तर इथे द्यायचे, नाही आल्या तर टपालाने. (टपालाचं शंकासुर बघणार.) पायाचं माप मागितलं तेव्हा मी हवेत दोन्ही हातांनी एवढंसं करून दाखवलं, मग जरा वाढवलं, मग हात खाली घेतले. सव्वीस वर्षं तिच्या चपला ओलांडून घरात शिरलो, पण माप सांगता येईना. तेव्हा कृपा करून ती झोपलेली असताना (तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती असतेच) पायाखाली कागद धरून पेन्सिलीने रेघ मारून घ्या आणि पाठवा. तिला मात्र काही कळू देऊ नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. गुपचूप नको. हे पत्र तिलाच वाचायला द्या, जिन्यासकट, आणि ती माप देईल का ते विचारा. मी मागवलंय असं सांगू नका, नुसतं विचारा. नाही म्हणाली तर 'नाही' एवढंच लिहून पाठवा, मी वर्गात तसं सांगेन. हो म्हणाली, तर तुम्ही पेन्सिल धरू नका. पाऊल तिचं तिलाच काढू द्या.