खाट क्रमांक अकराच्या दुधाबाबत

प्रति,
मा. सहसंचालक,
ज्येष्ठ निवास विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : मदतनीस (दूधवाटप), स्वयंपाकघर, ज्येष्ठ निवास क्र. ३

विषय : खाट क्र. ११ वरील रहिवासी यांना येत्या सोमवारी सकाळी व दुपारी दूध न देण्याबाबत.

संदर्भ :
१) एकसमान दूधपुरवठा परिपत्रक, दि. १ पासून लागू
२) अर्जदारास मिळालेला मेमो, दि. १०
३) अर्जदाराचा बदली आदेश, दि. २३

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदार ही गेली सतरा वर्षे निवास क्र. ३ मध्ये दूध तापवणे व वाटणे या कामावर आहे. हजेरीपटावर तिचे नाव आहेच, पण निवासात तिला सगळे दूधमावशी म्हणतात. अर्जात ‘मी’ लिहू नये, ‘अर्जदार’ लिहावे, असे शिपाईकाकांनी बजावले आहे. ते बरेच झाले. ‘मी’ लिहून दोन कागद फाडून झाले.

१. परिपत्रकापूर्वी निवासात पाच तऱ्हांचे दूध होत असे. खिडकीजवळच्या आजींना सायीसकट हवे, तर त्यांच्या समोरच्या आजोबांना सायीचा तंतू दिसला तरी ते पेला भिंतीकडे सरकवीत. निवृत्त शिक्षिकाबाई म्हशीच्या दुधाखेरीज कशाला हात लावीत नसत. बसवाहक आजोबांना गाईचे, तेही पाणी घालून आणि गार. ही सगळी आवडनिवड अर्जदाराच्या तोंडपाठ होती. दि. १ पासून सर्वांना एकच दूध, एकाच पातेल्यातून, असा आदेश आला. त्याबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. पाच पातेली घासणारे हात दोनच होते. दोन दिवस कुरकुर झाली, शिक्षिकाबाईंनी एक दिवस उपास धरला, मग सगळे मुकाट्याने पिऊ लागले. आवड ही शेवटी आवडच. ती मोडली तरी माणूस मोडत नाही, असे अर्जदाराला तेव्हा वाटत होते.

२. खाट क्र. ११ वर एक घड्याळजी आजोबा आहेत. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला, आणि लिहिणे-वाचणेही त्यांना आता जमत नाही. समज मात्र लख्ख आहे. भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे मागे पडले की डाव्या हाताने खूण करून करून जीव नकोसा करतात. त्यांना पहिल्यापासून सोयाबीनचे दूध दिले जाई. त्यांच्या दाखल-अर्जावर ‘आवडनिवड’ या रकान्यात ‘गाई-म्हशीचे दूध नको’ एवढेच लिहिलेले आहे. परिपत्रक आल्यावर सोयाबीनचे दूध बंद झाले. कपाटात उरलेली पाकिटे दि. ८ पर्यंत पुरली.

३. दि. ९ रोजी सकाळी सात वाजता अर्जदाराने त्यांना प्रथमच साधे दूध पाजले. पाजले म्हणजे काय, ते स्पष्ट लिहिणे भाग आहे. आजोबांनी ओठ घट्ट मिटले होते. पेल्याचा वास घेताच त्यांनी मान फिरवली, आणि डाव्या हाताने पेला दूर ढकलला. इतरांनीही दोन दिवस असेच केले होते, तेव्हा हेही नखरेच, असे अर्जदाराने धरले. “एवढं घ्या आजोबा, होईल सवय,” असे म्हणत तिने त्यांच्या हनुवटीखाली हात धरला आणि दोन घोट आत घातले. त्यांनी गिळले ते तिच्याकडे बघत.

पाच मिनिटांच्या आत त्यांचा खालचा ओठ बोटाएवढा सुजला. गळ्यावर, छातीवर गांधी उठल्या. मग त्यांच्या घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला आणि चेहऱ्याचा रंग उतरला. पेला कुठे ठेवला, कशी धावली, तिला आठवत नाही. शेजारच्या दवाखान्यातली सिस्टर होती म्हणून निभावले. सिस्टरने मांडीत सुई टोचली, पाय उंच केले, आणि आजोबांचा श्वास मोकळा होईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही. रुग्णवाहिकेतून त्यांना तिच्या दवाखान्यात नेले; तिथे त्या दिवशी डॉक्टर नव्हते. संध्याकाळी परत आणले. जाताना सिस्टर अर्जदाराला एवढेच म्हणाली, “मावशी, याला आवड म्हणत नाहीत. पुढच्या वेळी मी जवळपास असेनच असं नाही.”

४. सिस्टरने चिठ्ठीवर ‘दूध देऊ नये, डॉक्टरांना विचारावे’ असे लिहून दिले. ती चिठ्ठी अर्जदाराने त्याच दिवशी अधीक्षकसाहेबांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांच्या सहीशिवाय चिठ्ठी ग्राह्य धरता येत नाही, असे साहेब म्हणाले. निवासाला भेट देणारे डॉक्टर रजेवर असून बुधवारी, दि. २९ रोजी येणार आहेत. निवासाच्या अहवालात ‘दूध घाईने पाजल्यामुळे ठसका’ अशी नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी अर्जदारास मेमो मिळाला. यापुढे एकही कसूर आढळल्यास सेवा संपुष्टात येईल, असे त्यात लिहिले आहे. साहेब मुळात वाईट नाहीत. त्यांच्याच निवासातून एकट्या माणसासाठी वेगळ्या दुधाची मागणी का जाते, असे त्यांना दोनदा लेखी विचारले गेले आहे, हे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे. तरी तिने पुन्हा विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, “दुधानं तोंड पोळलं म्हणून ताकही फुंकून पिता काय मावशी? चमच्याने पाजा, सावकाश.”

५. यापुढील मजकूर हा कबुलीजबाब समजावा.

दि. १० पासून आजतागायत अर्जदाराने खाट क्र. ११ ला दुधाचा एक थेंबही दिलेला नाही. रोज सकाळी ती पेला घेऊन पडद्याआड जाते, दूध स्वतः पिते, आजोबांना कोमट साखरपाणी देते आणि नोंदवहीत ‘पूर्ण प्यायले’ असे लिहून सही करते. मोरीत ओतले असते. पण मोरी साहेबांच्या दारासमोर आहे. अर्जदाराला लहानपणापासून दुधाचा तिटकारा आहे. सतरा वर्षे दूध वाटले पण चाखले नाही. आता रोज एक पेला, उभ्या उभ्या, श्वास रोखून. पडद्याबाहेर पाऊल वाजले की ती पेला पदराआड धरते. आजोबा खाटेवरून बघत असतात. पहिल्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. आता ते पडद्याच्या फटीकडे लक्ष ठेवतात आणि कुणी येत असेल तर खाटेच्या दांडीवर डाव्या हाताने वाजवतात.

६. मंगळवारी, दि. २१ रोजी वजने झाली. घड्याळजी आजोबांचे वजन दोन किलोने घटलेले निघाले. घटणारच, सोयाबीनचे दूध गेले आणि त्याजागी साखरपाणी आले. परंतु नोंदवहीप्रमाणे ते रोज एक पेला दूध पूर्ण पीत आहेत. सबब आहार समितीने ठरवले की, एक पेला त्यांना अपुरा पडतो, सोमवार दि. २७ पासून त्यांना सकाळी सात व दुपारी चार असे दोन वेळा, सायीसह घट्ट दूध द्यावे. समितीचे काही चुकलेले नाही. तिच्यापुढे जे लिहिलेले होते त्यावरून तिने ठरवले, आणि ते अर्जदाराच्या हातचे होते. ज्या सहीने ती आजोबांना वाचवत होती, त्याच सहीने तिने त्यांचे दूध दुप्पट करून ठेवले.

७. बुधवारी सकाळी दांडीचा आवाज उशिरा आला. अर्जदाराच्या तोंडात घोट होता, तेवढ्यात साहेबांनी पडदा सारला. पेला तिच्या हातात, अर्धा रिकामा. साहेबांनी विचारले, आजोबा पितात ना नीट? तोंड उघडता येत नव्हते. अर्जदाराने मान डोलावली. साहेबांनी तिच्याकडे बघितले, पेल्याकडे बघितले, आजोबांकडे बघितले. मग ते म्हणाले, “तोंड पुसा,” आणि निघून गेले.

त्यांना काय समजले, ते अर्जदाराला आजही ठाऊक नाही. दूध चोरून पिणारी बाई, एवढेच समजले असेल तरी तिचे नाकारण्यासारखे काही नाही. गुरुवारी बदलीचा आदेश आला. सोमवारपासून कपडेधुलाई. कारण लिहिलेले नाही.

८. दूधवाटपावर कपडेधुलाईतली बाई येत आहे. ती कामाला चोख आणि शब्दाला पक्की आहे. ‘चमच्याने, सावकाश, पूर्ण’ असे सांगितले तर ती चमच्याने, सावकाश, पूर्ण पाजील. अर्जदाराने तिला काल गाठून सगळे सांगितले. ती ऐकून पांढरी पडली, पण म्हणाली, “मावशी, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण मला लेखी दाखवा. माझ्याही घरी माणसं आहेत.” तिला दोष देता येत नाही. दि. ९ च्या सकाळपर्यंत अर्जदारही अशीच होती.

९. काल संध्याकाळी अर्जदाराने आणखी एक नियमभंग केला. दाखल-अर्जावरचा क्रमांक उतरवून घेऊन तिने आजोबांच्या मुलीला फोन केला. रहिवाशांच्या नातेवाइकांशी परस्पर बोलण्यास कर्मचाऱ्यांना मनाई आहे, हे तिला माहीत आहे. मुलगी लांबच्या गावी नोकरीला असते. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “मी ‘आवडत नाही’ असं म्हटलंच नव्हतं. ‘चालत नाही’ म्हटलं होतं. मी लहान असताना एकदा वाटीभर खिरीनं बाबा मरता मरता वाचले होते, हेही सांगितलं होतं. कारकून म्हणाले, त्यासाठी वेगळा रकाना नाही, इथेच लिहितो.”

मुलगी मिळेल त्या गाडीने निघते आहे. जुने कागद घेऊन ती मंगळवारी, दि. २८ रोजी सकाळी निवासात पोहोचेल. त्याआधी येणे काही केल्या जमत नाही.

१०. उद्या शनिवार व परवा रविवार आपले कार्यालय बंद असते. या दोन दिवशी दूधवाटपावर अर्जदारच आहे, त्यामुळे त्याची काळजी नसावी. मंगळवारी मुलगी येईल, बुधवारी डॉक्टर येतील. मधे राहतो तो सोमवार. सकाळी सातचा एक पेला आणि दुपारी चारचा एक.

११. तरी अर्जदाराची विनंती अशी की, बदली रद्द करू नये. परिपत्रकही तसेच ठेवावे. अर्जदारावर खोट्या नोंदींबद्दल, दूध पिण्याबद्दल आणि फोनबद्दल जी कारवाई व्हायची ती व्हावी; नोंदवहीतील पंधरा खोट्या सह्यांवर तिने स्वतः पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. फक्त ‘खाट क्र. ११ यांस सोमवारी दूध देऊ नये’ एवढी एक ओळ, आपल्या सहीची, आज पाच वाजेपर्यंत मिळावी. धुलाईतल्या बाईने लेखी मागितले आहे. तिला तेवढे पुरेल.

१२. आपण बैठकीत असाल, फिरतीवर असाल, हा अर्ज आवक टेबलावरच राहून जाईल, हे सगळे अर्जदाराच्या डोळ्यांपुढे येते. कालपासून तिच्या डोळ्याला डोळा नाही. तशी ओळ न मिळाल्यास अर्जदार सोमवारी कपडेधुलाईत रुजू होणार नाही. सकाळी पावणेसातपासून ती खाट क्र. ११ च्या काठावर, आजोबांच्या आणि पेल्याच्या मधे बसलेली असेल. हे उद्धटपणाने लिहिलेले नाही. असे काही तिने जन्मात केलेले नाही आणि तिला फार भीती वाटते आहे. तिला उठवायचे झाल्यास कृपया आपण स्वतः यावे, म्हणजे निदान हा अर्ज कुणीतरी वाचलेला असेल.

आपल्या एका ओळीच्या वाटेकडे डोळे लावून बाहेरच्या बाकावर बसलेली,

आपली नम्र,
(सही)
मदतनीस (दूधवाटप), ज्येष्ठ निवास क्र. ३

दिनांक : २४, शुक्रवार
वेळ : सकाळी ११.४०

सोबत :
१) सिस्टरच्या चिठ्ठीची छायाप्रत
२) दाखल-अर्जाच्या दुसऱ्या पानाची छायाप्रत
३) दूध नोंदवही, मूळ प्रत (उद्या सकाळच्या वाटपापूर्वी परत मिळावी)
४) कोरा कागद एक, आपल्या आदेशासाठी