मावशी बाहेर गेल्या होत्या

घणसोली,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय चांगुणामावशी,

सप्रेम जयभीम. तुम्ही रोज सकाळी शाळेच्या दारात मला जयभीम म्हणायचात आणि मी घाईघाईत गुड मॉर्निंग करून आत शिरायची. आज निदान कागदावर तरी नीट म्हणते. गुडघा कसा आहे? शर्मिलाचं शिवणकाम चालू आहे ना? पत्र तीच वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. शर्मिला, पुढे तुला माझा राग येईल. पण मध्येच थांबू नकोस, सासूबाईंना सगळं ऐकू दे.

शाळा बरी चालली आहे. नव्या अ‍ॅडमिशन सुरू झाल्यात, गेटवर नवा बोर्ड लागलाय. 'मूल स्वतः करून शिकतं' असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि खाली कणीक मळणाऱ्या मुलांचा फोटो आहे. फोटो जुना आहे. आता वर्गात कणीक नाही, पाणी नाही, खरी भाजी तर नाहीच. प्लास्टिकचे टोमॅटो आणलेत, मधोमध चिकटवलेले, ओढले की दोन तुकडे होतात. मुलं दोन दिवसांत कंटाळली. मटार सोलायला बसली की तासभर हूं की चूं न करणारी हीच मुलं, हे नव्या मावशींना सांगून पटत नाही.

मी एक वर्षाचा कोर्स केलेली बाई. मुलाला निवडू द्यावं, करू द्यावं, ते कामात असताना मध्ये बोलू नये, हे मी वहीत लाल शाईने लिहून घेतलं होतं. तुम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. एकदा एक मुलगा तांब्याने बादली भरत होता, निम्मं पाणी फरशीवर जात होतं. मी धावले, तर तुम्ही मला अडवलंत. म्हणालात, "मॅडम, लेकरू कामात हाय. त्याला आवाज देऊ नका." तेव्हा मला तुमचा रागच आला होता. कोर्स मी केला होता ना.

संक्रांतीनंतर मी तळवलीला तुमच्याकडे यायला निघाले होते, हे तुम्हाला माहीत नाही. तिळाचे लाडू घेऊन आले होते. तुम्ही उंबऱ्यात मेथी निवडत होतात आणि नातू शेजारी बसून पानं खुडत होता. देठ पानांत टाकत होता, पानं देठांत. तुम्ही काही बोलत नव्हतात, थोड्या वेळाने त्याचा त्यालाच घोळ कळला आणि तो पुन्हा वेगळं करायला लागला. मी कोपऱ्यावरूनच परत फिरले. मुलाचं काम मोडायला नको, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर घाबरले होते. लाडू रिक्षात मीच खाल्ले.

आता मुद्द्याचं लिहिते. इतका वेळ टाळलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

नोव्हेंबरातला तो गुरुवार. ऋता काकडी कापत होती. हातात मुलांच्या मापाची सुरी, डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, तुम्ही दाखवली होतीत तशी. चार वर्षांची पोर, पण काय मन लावून कापत होती. कोपऱ्यात कुणीतरी पाणी सांडलं, म्हणून मीच तुम्हाला म्हटलं, मावशी, फडकं घेऊन या. तुम्ही गेलात आणि मी मोबाइल काढला. पालकांच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ टाकायचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ऋताची मान खाली होती, नुसते केस दिसत होते. म्हणून मी हाक मारली, "ऋता, इकडे बघ, हस बघू." तिने वर बघितलं, हसलीसुद्धा. हात मात्र चालूच होता.

बोटाला दोन टाके पडले. संध्याकाळी ऑफिसात ऋताचे आईबाबा बसले होते. त्यांच्यासमोर मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून जयमाला मॅडमनी मला विचारलं, त्या वेळी मावशी कुठे होत्या.

मी म्हणाले, "मावशी बाहेर गेल्या होत्या."

एवढंच. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मीच पाठवलं होतं, हे सांगितलं नाही. मी हाक मारली, हेही सांगितलं नाही. सगळ्यांना लगेच पटलं. शिकलेली टीचर आणि तळवलीची मावशी, दोघींत चूक कुणाची, हे ठरवायला कुणाला पुरावा लागला नाही. तसंच होणार, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी तेवढंच बोलले. घरी जाताना व्हिडिओ डिलीट केला.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला काढलं. जाताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी हजेरीपट लिहीत बसले. पुढे वाशीच्या शाळेत तुमचं काम जवळजवळ ठरलं होतं, तिथून विचारपूस करायला फोन आला, तेव्हा मॅडमनी सांगितलं की बाईंचं मुलांकडे लक्ष नसतं. सोळा वर्षं मुलं सांभाळलेल्या बाईबद्दल. मी समोरच उभी होते.

गेल्या सोमवारी डब्याच्या वेळी ऋता माझ्याजवळ आली. म्हणाली, "टीचर, तुम्ही हाक मारली म्हणून मी वर बघितलं. आई म्हणते, तुला नीट आठवत नाही. मला आठवतं ना?"

मी तिला म्हटलं, आधी डबा संपव.

मावशी, तेव्हापासून ती पोर लाल मण्याला लाल म्हणतानासुद्धा आधी माझ्या तोंडाकडे बघते. तुमचं काम घालवलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. मुलांना शिकवणारी म्हणवते मी. फार लाज वाटते.

शुक्रवारी शाळा सुटताना ऋताच्या आईला थांबवलं आणि ऋतासमोरच सगळं सांगितलं. ऋताला म्हटलं, तुला बरोबर आठवतं. आई मुलीचा हात धरून निघून गेली. मग मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मिटलेलं उकरून काढू नकोस, अ‍ॅडमिशन चालू आहेत. तुमच्यासाठी दोन ओळी लिहून द्यायलाही तयार नाहीत.

मला माफ करा, मावशी. नाही केलंत तरी तक्रार नाही. या वयात तुम्ही तीन घरची भांडी घासताय, ते माझ्या माफी मागण्याने सुटणार नाही. परत या, असंही म्हणू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. व्हिडिओ मीच पुसला आणि चार वर्षांच्या मुलीची साक्ष कुणी धरणार नाही. उरतं ते माझं सांगणं. म्हणून हे पत्र डब्यात घालून ठेवू नका. वाशीच्या शाळेत दाखवा, काम मागायला जाल तिथे दाखवा. माझा फोन नंबर पाकिटावर लिहिलाय. कुणीही विचारलं, तरी मी हेच सांगेन.

'तुमचीच' लिहायचा हक्क मी घालवलाय. नुसतं 'गीतांजली' लिहिलं, तर हा कागद कुणी मानणार नाही. म्हणून पूर्ण लिहिते.

गीतांजली सुधीर पेंढारकर,
शिशुवर्ग शिक्षिका.
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी मी वर्गातच होते.