‘येतो’ म्हणून दारात रेंगाळणारे

चँडलर, ॲरिझोना

ती. अक्का,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना इथूनच हात लावून नमस्कार.

यशाची खरी किंमत आधी सांगतो: अकरा महिने, आपल्या भाच्याचं लग्न आणि आमच्या रीमाचं शाळेतलं नाटक. पण अक्का, जिंकलो!

गेल्या शुक्रवारी प्रोजेक्ट बंद होणार होता. वायूचे रेणू भिंतीवर आपटून कसे परततात, याचं आमचं मॉडेल मोजमापाशी जुळतच नव्हतं. कॅरमच्या सोंगटीसारखे ते लगेच उलट फिरतात, असं आम्ही धरलेलं.

त्याआधीच्या रविवारी आमच्या मित्राची, केदारची, मंडळी आमच्याकडे जेवून ‘येतो हं’ म्हणाली आणि अर्धा तास दारातच बोलत राहिली. माझे कान तुला ठाऊक आहेत, काही सुटत नाही! ऐकता ऐकता उमगलं: रेणूही भिंतीवर रेंगाळतो, मग वाट्टेल त्या दिशेला निघतो. तसं मांडलं आणि आकडे जुळले. डिप्लोमावाल्या तुझ्या भावासाठी पीएचडीवाले उभे राहिले!

ऑपरेशनची तारीख घेतलीस का? फोनवर ‘मी बरी आहे’ फार पटकन म्हणतेस.

तुझाच,
शैलू

ता. क. ‘अरे, ते रेणू भिंतीवर थोडं टेकत असतील ना?’ असं तुझी वहिनी विनीता मार्चमध्येच म्हणाली होती. मी ऐकलं नव्हतं.